मांजराच्या दारातून आमटी

“तुझी कल्याणीकाकू लबाडी करतेय,” चारुदत्त म्हणाला आणि हातातले कागद त्याने पोळ्यांच्या डब्यावर ठेवले.

“लबाडी? अहो, डिटेक्टिव्ह आहे ती!” सुलभा वाढता वाढता थांबली.

“म्हणून काय झालं? तीन वाट्या आमटी. दोन साध्या, एक त्या घरच्या गोड्या मसाल्याची. समोरची बाई खरंच तीस वर्षं त्या घरात स्वयंपाकाला होती की तोतया आहे, ते शोधायचंय. बरोबर? आता मला सांग, वाट्या पुढे कोण ठेवतंय? कल्याणीकाकू. मसाल्याची वाटी कुठली, ते कोणाला माहितीय? कल्याणीकाकूलाच! तिची भुवई जरा हलली की त्या बाईला उत्तर मिळालं.”

“नाही हलत भुवई. लिहिलंय मी. ‘निर्विकार चेहऱ्याने’ असं स्पष्ट लिहिलंय.”

“निर्विकार चेहरा फक्त गोष्टीत असतो, सुलभा.”

मंडळाचा दिवाळी अंक ऑक्टोबरात निघायचा, म्हणजे ऑगस्ट संपेपर्यंत कथा द्यायला हवी. पोस्टातून निवृत्त झालेल्या आणि गावातल्या भानगडी सोडवत फिरणाऱ्या कल्याणीकाकू हे सुलभाच्या लेखणीचं अपत्य. गेली नऊ वर्षं ख्राइस्टचर्चमधली मराठी माणसं अंक हातात आला की आधी काकूंचं पान उघडायची आणि मग संपादकीयाकडे वळायची, किंवा नाहीच वळायची. पहिला वाचक अर्थातच चारुदत्त. आणि चारुदत्तला कथेत काही खुपलं नाही असं एकही वर्ष गेलेलं नव्हतं.

पण यंदा काकूंनी थेट त्याच्याच प्रांतात पाऊल टाकलं होतं. पुण्याहून फूड टेक्नॉलॉजी शिकून आलेला हा गृहस्थ बावीस वर्षं हॉर्नबीतल्या एका कारखान्यात सूप आणि सॉस चाखायचं काम करत होता. ऐकणाऱ्याला वाटतं, काय चैन आहे, बसून खायचं! पण तसं नव्हतं ते. फोनच्या बूथएवढ्या कप्प्यात लाल दिव्याखाली बसायचं. दिवा लाल कशाला, तर सुपाचा रंग कळू नये म्हणून. भिंतीतल्या झडपेतून तीन कप येतात. त्यांच्यावर नाव नाही, गाव नाही, नुसते तीन आकडी नंबर. दोन कपांत एकच सूप, तिसऱ्यात वेगळं. वेगळं कुठलं ते सांगायचं. “मला नाही बुवा कळत” हे उत्तर चालत नाही. कप सरकवणाऱ्यालाही उत्तर माहीत नसतं, ते पाकिटात बंद असतं; याला म्हणायचं ‘डबल ब्लाइंड’. या कामात चारुदत्तचा हात धरणारा कोणी नव्हता. कारखान्यात त्याला ‘द नोझ’ म्हणत. तो वरवर संकोचायचा, पण घरी येऊन हटकून सांगायचा.

“आणि एका वाटीने काय सिद्ध होतं?” तो पोळी मोडत म्हणाला. “डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतं. बारा वेळा करायला पाहिजे. बारात चार बरोबर म्हणजे नुसतं नशीब. आठच्या वर गेलं तर मानायचं.”

“बारा वेळा आमटी चाखेपर्यंत माझे वाचक झोपतील. जेवा आता.”

चारुदत्तने आमटीचा भुरका मारला, जरा थांबला आणि जून महिन्यापासून रोज म्हणत आला होता तेच म्हणाला, “आज पण नाही जमली.”

सुलभाच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यात आपटला.

जूनमध्ये दोघांनाही सडकून ताप आला होता. दोघं बरी झाली, पण आमटी काही बरी झाली नाही. आंबट, गोड, तिखट सगळं जागच्या जागी, पण ‘ती मजा नाही’ असं त्याचं म्हणणं. बिचारीने काय काय करून पाहिलं! रिकार्टनच्या इंडियन दुकानातून तीन प्रकारचा हिंग आणला. भावजयीकडून पुण्याहून दगडफूल मागवलं. घरात ताजा मसाला भाजला, तेव्हा धुराचा अलार्म दोनदा ठणाणला आणि शेजारचा म्हातारा काठी टेकत बघायला आला. तरी अहोंचं आपलं तेच. हल्ली तर कोणी जेवायला येणार म्हटलं की ती आमटी टाळून कढी करायची. तीस वर्षं मुरलेला हात अडीच महिन्यांत कसा काय जातो, हे तिला कळेनासं झालं होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, पण ती बोलली नव्हती. संध्याकाळी दारात बूट काढता काढता चारुदत्त आत काय शिजतंय ते ओळखून ओरडायचा. “वांगी!” “मेथी, आणि लसूण करपलाय!” ही त्याची वर्षानुवर्षांची खोड. जूनपासून तो गुपचूप बूट काढत होता.

“ऐका,” ती खुर्ची ओढून समोर बसली. “एक तर माझा हात गेलाय, नाहीतर तुमचं नाक. रोज रोज हे ऐकून घेणं मला आता जमत नाही. होऊन जाऊ दे तुमची ती बारा वेळची परीक्षा. मसाल्याची आमटी आणि बिनमसाल्याची. तुम्ही ओळखलीत तर मी मान्य करीन की माझा हात गेला. आणि काकूंची परीक्षा तुम्ही म्हणाल तशी लिहीन.”

चारुदत्त हसला. “माझं नाक? बावीस वर्षं पगार घेतोय मी या नाकाचा!”

पण हसता हसता त्याला ज्यूडिथ आठवली. चाखणाऱ्यांच्या पॅनेलची प्रमुख. जुलैभर क्रॅकर बिस्किटांच्या कुरकुरीतपणाच्या चाचण्या होत्या, तिथे नाकाचं काम नव्हतं. ऑगस्टमध्ये सूप सुरू झालं आणि ज्यूडिथ हळूच म्हणाली होती, “तुझे स्कोअर्स जरा कुठेही चाललेत, चारू. ऑल गुड?” त्याने खापर थंडीतल्या हीटरवर फोडलं होतं, कोरड्या हवेने होतं म्हणाला. येत्या गुरुवारी पॅनेलची वार्षिक तपासणी होती. रविवारी घरीच तालीम झाली तर वाईट काय, असं त्याने मनाशी म्हटलं.

रविवारी दुपारी स्नेहलता आली. ही अंकाची संपादक. पुण्यात शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून निवृत्त होऊन लेकाकडे राहायला आलेली. त्यामुळे बाटल्यांना चिठ्ठ्या डकवण्याचा दांडगा अनुभव. बाहेर वायव्येचा वारा कुंपण हलवत होता आणि चारुदत्तच्या अंगात उत्साह संचारला होता. लाँड्रीच्या, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीच्या, दाराला खाली मांजरासाठी छोटी झडप होती. आधीच्या मालकाचं मांजर तिथे झोपायचं. ती झडप पाहून गडी असा खूश झाला की विचारू नका.

“हेच आपलं बूथ! मी आत पाटावर बसतो, वाट्या झडपेतून सरकवायच्या. चूळ भरायला आत टब आहेच.”

“आणि लाल दिवा?” सुलभाने विचारलं.

देव्हाऱ्यातला लाल झिरोचा दिवा निघाला. “आज देवांनी जरा अंधारात बसावं,” म्हणत सुलभाने तो काढून दिला.

आमटीची दोन पातेली तिने सकाळीच केली होती. डाळ एकच, चिंच-गूळ-मीठ-तिखट काट्यावर मोजून. एकात दोन चमचे गोडा मसाला, दुसऱ्यात अजिबात नाही. चटणीच्या झाकणवाल्या छोट्या वाट्या स्नेहलताने आणल्या होत्या आणि झाकणांवर नंबरही घालून आणले होते.

चारुदत्तने एक झाकण उचललं. “एकशे आठ? अहो स्नेहलताबाई, हा नंबर दिसला की माणूस आधी नमस्कार करील! आणि हे काय, चारशे वीस? याच्यावर तर चाखायच्या आधीच संशय!”

“मला मेलीला हेच आठवले,” स्नेहलता म्हणाली आणि सगळी झाकणं पुसून तीनशे सतरा, आठशे बासष्ट असले निर्गुण आकडे लिहायला बसली.

मग चारुदत्तने हुकूम सोडले. क्रम कोणी मनाने ठरवायचा नाही, ल्यूडोचा फासा टाकून ठरवायचा. वाट्या स्वयंपाकघरात स्नेहलताने भरायच्या आणि यादी पाकिटात घालून चिकटवायची. सुलभाने फक्त नेऊन सरकवायच्या, तिला काही कळता कामा नये.

“झाकण नीट लावा हं,” तो लाँड्रीत शिरता शिरता म्हणाला. “नाहीतर हिला बाहेरच वास येईल.”

सुलभा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने दार लावून घेतलं.

आत लाल अंधारात चारुदत्त पाटावर मांडी घालून बसला. फटक् करून झडप उघडली, तीन वाट्या आत आल्या. त्याने कारखान्यातल्यासारखी पाठ ताठ केली, पहिलं झाकण उघडून वाटी नाकाशी नेली, आणि गरम वाफ नाकाला लागली.

नुसती गरम वाफ.

दुसऱ्या वाटीचीही गरम. तिसरीचीही. त्याने घोट घेतला. आंबट, गोड, मागून तिखट. तिन्ही सख्ख्या बहिणी. सर्दी असेल, त्याने स्वतःला समजावलं आणि ओरडला, “आठशे बासष्ट!” बाहेर सुलभाने लिहून घेतलं.

दुसरा डाव. तिसरा. दर वेळी चूळ भरायची, भाताचा एक घास खायचा, नवी वाट्यांची तिकडी. चौथ्याला त्याच्या लक्षात आलं की आपण आकड्याकडे बघून निवडतोय. तीनशे सतरा उगीच ओळखीचा वाटतोय म्हणून. सहाव्याला त्याने डोळे मिटले आणि वाटी नाकाला इतकी जवळ नेली की नाकाचा शेंडा आमटीत बुडाला. बावीस वर्षांत कधी फुटला नव्हता तसा घाम त्याला फुटला. नव्या माणसांना तो नेहमी सांगायचा, घाबरू नका, नाकाला सगळं माहीत असतं. आता त्याला त्या वाक्याची भीती वाटायला लागली.

“अहो, बरे आहात ना?” सुलभाचा आवाज झडपेतून आला.

“परीक्षेत बोलायचं नसतं,” तो म्हणाला. “पुढची दे.”

बारा डाव झाल्यावर तो बाहेर आला. स्नेहलताने पाकीट फोडलं, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि पेन्सिलीने खुणा करत गेली. मग चष्मा काढून म्हणाली, “चार.”

चार म्हणजे काय, हे त्यानेच दोन दिवसांपूर्वी पोळी मोडता मोडता सांगितलं होतं.

“चाचणीत दोष असू शकतो,” चारुदत्त म्हणाला. आवाज त्याने नेहमीसारखा ठेवला होता. “कदाचित दोन आमट्यांत फरकच नसेल. मसाला कमी पडला असेल. दुसरं माणूस बसवल्याशिवाय सांगता येणार नाही. सुलभा, तू बस.”

“मी? मी कशाला? मीच केलीय की आमटी!”

“पण वाटीत कुठली, ते तुला कुठे माहितीय? बस.”

“राहू द्या ना हो आता. चहा टाकते.”

“सुलभा, बस.”

ती गेली आत. स्नेहलताने पुन्हा फासा टाकला, पुन्हा वाट्या भरल्या. आता चारुदत्त पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसून झडपेतून त्या सरकवत होता. आत झाकण उघडल्याचा आवाज यायचा. लगेच दुसरं, तिसरं. मग बराच वेळ शांतता. मग सुलभा दबक्या आवाजात नंबर सांगायची. तो लिहून घ्यायचा. बाराही वेळा तसंच. एकदा तर त्याला वाटलं, ती आत नाक ओढतेय.

पाकीट फुटलं. स्नेहलता खुणा करायला बसली, आणि तिची पेन्सिल वरून खालपर्यंत एकदाही टेकली नाही.

“शून्य!” ती जवळजवळ आनंदाने म्हणाली. “बघा! म्हणजे मसाल्यातच काही राम नाही. तिलाही कळलं नाही, तुम्हालाही नाही. उगीच बिचारे जिवाला लावून घेत होतात.”

“जुना झाला असेल मसाला,” सुलभा घाईघाईने म्हणाली. पदर नव्हता म्हणून तिने कुर्त्याच्या बाहीने नाक पुसलं. “किंवा माझंही गेलं असेल त्या तापात. दोघांनाही एकदमच आला होता ना.”

चारुदत्त यादीकडे बघत उभा होता. आधी चवथी ओळ, मग सातवी, मग पुन्हा पहिलीपासून. स्वतःचा चार हा आकडा त्याने गिळला होता, पण हा आकडा काही केल्या घशाखाली उतरेना.

“सुलभा,” तो म्हणाला, “चार पडले असते तर मी मानलं असतं. तीन, दोन, अगदी एकसुद्धा. शून्य कसं पडेल?”

“आता नाही कळलं तर नाही कळलं.”

“ज्याला कळत नाही त्याचं बोट कधीतरी चुकून बरोबर वाटीवर पडतंच. बारात तीन-चारदा पडतं. बाराच्या बारा वेळा बरोबर वाटी चुकवायची, तर ती कुठली हे बाराही वेळा कळायला लागतं.”

सुलभाने तोंड फिरवलं.

“झाकण उघडल्या उघडल्या कळत होतं तुला?”

तिने मानेनेच हो म्हटलं. मग म्हणाली, “मला कुठे तुमचं गणित येतं! मला वाटलं, दोघांचंही गेलंय म्हटलं की तुम्हाला तेवढं लागणार नाही. तुम्ही दारातून भाजी ओळखत नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण कसं सांगू? तुमचं सगळं त्याच्यावर उभं आहे.”

“आणि मी अडीच महिने तुझ्या हाताला नावं ठेवतोय,” चारुदत्त म्हणाला. तो पॅसेजमध्येच भिंतीला टेकून खाली बसला. “पुण्याहून दगडफूल मागवलंस तू. चुकलो गं मी, सुलभा.”

ती त्याच्याशेजारी बसली. स्नेहलता बाई शहाणी; तिने आवाज न करता सगळ्या वाट्या सिंकमध्ये नेल्या आणि नळ सोडला. बऱ्याच वेळाने हात पुसत आली आणि मुळातली संपादक गप्प बसेना म्हणून म्हणाली, “सुलभा, काय शेवट आहे गं हा! ती बाई मुद्दाम शून्य पाडते, आणि काकू तिथेच पकडतात तिला. घाल हे कथेत. वाचक उड्या मारतील.”

“नाही घालणार,” सुलभा म्हणाली. “काकू आपल्या एकाच वाटीत ओळखू देत. चारुदत्तरावांनी हवं तर तक्रार करावी.”

“नाही करणार,” तो म्हणाला.

स्नेहलता गेल्यावर सुलभाने लाल दिवा पुन्हा देव्हाऱ्यात लावला आणि मसाल्याची आमटी गरम केली. त्या दिवशी चारुदत्तने नावं न ठेवता दोन वाट्या घेतल्या.

सोमवारी तो कारखान्यात पंधरा मिनिटं आधी पोचला. खोटं कशाला बोला, रात्री एक विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. गुरुवारी अंदाजाने उत्तरं द्यायची, नशिबाने पाच-सहा बरोबर आली तर आणखी वर्षभर कोणी विचारणार नाही. कितीतरी दिवस निघतील तसे. ज्यूडिथच्या केबिनबाहेर तो हातातला डबा या हातातून त्या हातात करत उभा राहिला. मग आत जाऊन त्याने सरळ सांगून टाकलं की माझं नाक गेलंय, गुरुवारच्या यादीतून माझं नाव काढ. सूपचे ऑगस्टमधले माझे सगळे आकडेही काढ, ते अंदाजाचे आहेत.

ज्यूडिथने पेन खाली ठेवलं. “आर यू शुअर, चारू?”

“डबल ब्लाइंड,” तो म्हणाला. “घरी केली. बारात चार.”

ती हसली नाही. “गुड ऑन यू,” शाबासकी दिल्यासारखं म्हणाली, आणि डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. कधी कधी वास परत येतो, कधी महिने लागतात, कधी येतच नाही, असंही तिने सांगितलं. तोवर झडपेच्या अलीकडच्या बाजूला काम कर. कप सरकवायला आणि उत्तरं लिहून घ्यायला शिस्तीचं माणूस नाहीच आमच्याकडे.

गुरुवारी चारुदत्तने पॅनेलसाठी एकशे चव्वेचाळीस कप सरकवले. त्याच्या कप्प्यात आता एक नवी मुलगी बसली होती. झडपेतून कप गेल्यावर पलीकडून झाकण उघडल्याचा आवाज आला की तो आपोआप श्वास रोखून धरायचा, आणि उत्तर आलं की लिहून घ्यायचा.

संध्याकाळी घरी आला. वारा पडला होता. दार उघडून तो चपलांच्या कपाटाशी वाकला आणि नेहमीसारखा गुपचूप बुटाची नाडी सोडायला लागला.

“शेपू केलाय हो!” आतून सुलभा मोठ्याने म्हणाली. “मुगाची डाळ घातलीय. लसूण जरासा करपलाय, त्याचाच वास पुढे येतोय. त्याच्या मागे शेपूचा, हिरवा, तुम्हाला आवडत नाही तसला. आणि शेगडीवर आमटी आहे. आत्ताच मसाला घातला, खोबऱ्याचा वास वर आलाय.”

चारुदत्त एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“आणखी?” तो म्हणाला. “आणखी सांग.”